साक्षीची घाई नको

आपल्या मंडळीत कुणी मोठ्या दुखण्यातून वाचून घरी आलं की पुढच्याच रविवारी उपकारस्तुती होते आणि त्याला साक्ष द्यायला उभं करतात. मीही उभी राहिले होते. न्यूमोनियामुळे इंदूरला अकरा दिवस आयसीयूत होते, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर. बाकाला धरून म्हणाले, "प्रभूने मला पूर्ण बरं केलं." ते खरं नव्हतं. दोन पायऱ्या चढले की दम लागायचा, ओळखीच्यांची नावं आठवत नव्हती, आणि डोळे मिटले की नर्स मला विष पाजताहेत असं दिसायचं. हे कुणाला सांगितलं नाही. विश्वासात कमी पडली म्हणतील, नाहीतर बाहेरची बाधा म्हणतील, ही भीती.

घरी सोडताना गोळ्यांचा कागद मिळाला, पुढे काय होईल ते कुणी सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं की याला नाव आहे, पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम. संसर्ग, गुंगीची औषधं, तुटलेली झोप यांनी मेंदू गोंधळतो आणि भास होतात. अंगही झिजतं. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१३ साली छापलेल्या एका अभ्यासात, आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू दहा दिवसांत सुमारे १८ टक्के घटलेला आढळला. मग पायऱ्या कशा चढणार?

पेत्राच्या सासूचा ताप निघाला आणि ती उठून सेवा करू लागली. घरोघरच्या बायकांकडून हीच अपेक्षा असते! पण याईराच्या मुलीचं बघा. ती उठली तेव्हा प्रभूने हे कुणाला कळू देऊ नका म्हणून बजावलं, आणि तिला खायला द्या म्हणाला. साक्ष मागितली नाही. गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन पुण्याच्या ससूनमध्ये १२ जानेवारी १९२४ ला झालं. ५ फेब्रुवारीला त्यांची कैदेतून सुटका झाली, तरी ते थेट आश्रमात परतले नाहीत, जुहूच्या किनाऱ्यावर राहून ताकद भरून येऊ दिली. एवढ्या कामाच्या माणसाला सवड काढावी लागली, तर आपल्याला का नको?

पाळकसाहेबांना आणि मंडळीला विनंती, साक्ष सहा महिने थांबू द्या. पहिल्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरतं, चहा करून घरचेच दमतात. तिसऱ्या महिन्यात कुणी फिरकत नाही. तेव्हा या, हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवा. आणि भास सांगितले तर घाबरू नका, लगेच भूत काढायच्या प्रार्थनेला बसू नका. भीती, झोप न येणं चालूच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

मला सर्वात जास्त उपयोग झाला तो एका वहीचा. मुलीने औषधांचा हिशोब लिहायला ती ठेवली होती. मधे मधे लिहिलेलं, "आज आईने डोळे उघडले", "नर्सताईंनी नळीतून कफ काढला, आई फार तडफडली". ते वाचल्यावर उमगलं की ते विष पाजणं नव्हतं, कफ काढणं होतं. युरोपात कित्येक ठिकाणी नर्स आणि घरचे मिळून रुग्णासाठी अशी डायरी मुद्दाम लिहितात.

आमच्या शेजारचे भाऊ सध्या इंदूरला आयसीयूत आहेत. वहिनींकडे कालच कोरी वही पाठवली, पहिल्या पानावर तारीख घालून.

– एक बहीण, कन्नौद