शरीराचा घसारा आणि त्याची तरतूद

व्यापारी कुटुंबात घसारा म्हणजे काय हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. गोदामाचे पत्रे, वजनकाटा, मालवाहू गाडी यांची किंमत दरवर्षी वहीत कमी केली जाते आणि नव्या खरेदीची तरतूद वेळीच होते. ज्या देहाच्या कष्टावर पेढी उभी राहिली, त्याच्या घसाऱ्याची नोंद मात्र कोणत्याच खतावणीत नसते. घरातील ज्येष्ठ व्यक्ती न्हाणीघरात घसरते किंवा जिन्याची शेवटची पायरी चुकते, तेव्हा ती नोंद एकदम आणि मोठ्या रकमेची होते. एरवी चारचौघांत वावरणारा माणूस खाटेस खिळतो, दुकानातील एक मुलगा इस्पितळात अडकतो आणि घरातील स्त्रियांचा दिवस शुश्रूषेत जातो.

हा केवळ नशिबाचा भाग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो आणि सर्वाधिक बळी साठीच्या पुढील व्यक्तींचे असतात. मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढील ७५ टक्के व्यक्तींना एखादा तरी जुनाट आजार आणि ४० टक्के व्यक्तींना एखादे तरी अपंगत्व असल्याचे त्यातून दिसले. २०२२ मध्ये देशातील साठीपुढील लोकांचे प्रमाण सुमारे साडेदहा टक्के होते. २०५० पर्यंत ते वीस टक्क्यांच्या वर जाईल, असा अंदाज आहे. आज जे पन्नाशीत आहेत आणि मोंढ्यात उभे राहून सौदे करतात, तेच या आकड्यांतील उद्याचे ज्येष्ठ आहेत.

घरच इजा करते, घरच वाचवते

माणसाला होणारी इजा घराच्या बांधणीवर अवलंबून असते, हा धडा धाराशिव जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. उमरगा परिसरात आणि आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसारख्या गावांत जी हानी झाली, तिचे मुख्य कारण दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील जड माळवदे हे होते. पुढे गावे नव्या जागी वसली आणि घरे हलक्या छपरांची झाली. त्या रात्री तिशीत असलेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत. जड छपराचा धोका त्यांच्या आयुष्यातून गेला; परंतु गुळगुळीत फरशी, कठडा नसलेला जिना, अंधारी न्हाणी आणि पायात अडकणारी सतरंजी हे धोके नव्या घरातही आले.

या धोक्यांवरही संशोधन झाले आहे. न्यूझीलंडमध्ये आठशेहून अधिक घरांचा अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी निम्म्या घरांत जिन्याला कठडे, न्हाणीत धरण्यासाठी दांडा, पायऱ्यांच्या कडांवर ठळक पट्टी, पुरेसा उजेड आणि न घसरणारा पृष्ठभाग अशा साध्या सुधारणा केल्या. त्या घरांत पडल्यामुळे होणाऱ्या इजांचे प्रमाण २६ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुकानाच्या फर्निचरवर सढळ हाताने खर्च करणाऱ्या कुटुंबाला न्हाणीतील दोन दांड्यांचा खर्च जाणवणारही नाही.

विश्रांतीची खरी किंमत

वडील सत्तरीचे झाले की मुले आदराने म्हणतात, “बाबा, आता तुम्ही गादीवर नुसते बसा.” पाण्याचा तांब्या हातात आणून दिला जातो आणि मंदिरापर्यंतची पायी वाट मोटारसायकलवरून होऊ लागते. सासूबाईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकले तर सून लगबगीने म्हणते, “आई, तुम्ही राहू द्या.” या सेवेमागील भाव निर्मळ असतो, परिणाम मात्र नेहमीच हिताचा नसतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या अकरा निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणात विश्रांती देण्यात आली. एवढ्या अल्प काळात त्यांच्या पायांतील स्नायूंचे वस्तुमान जवळपास एक किलोने घटले. तरुण माणूस असे नुकसान लवकर भरून काढतो, वृद्धाला ते फार जड जाते.

याची दुसरी बाजू अधिक आशादायक आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील एका वृद्धनिवासात नव्वदीच्या घरातील दहा दुर्बल व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करवून घेण्यात आले. त्यांची शक्ती सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या आसपास वाढली. अर्थात, नव्वदीतही स्नायू मागणीला प्रतिसाद देतात. मागणीच बंद झाली तर तेही पुरवठा थांबवतात.

जुन्या पेढ्यांवर गादी-लोड असे. मुनीम आणि मालक दिवसातून अनेक वेळा जमिनीवर बसत आणि उठत. सामायिकासाठी, जेवणाच्या पंगतीसाठी मांडी घालून बसणे हीही रोजची सवय होती. ब्राझीलमधील डॉ. क्लॉडियो गिल अराउजो यांनी नेमकी हीच क्षमता तपासली. ५१ ते ८० वर्षांच्या २००२ व्यक्तींना जमिनीवर बसून उठण्यास सांगण्यात आले आणि हात किंवा गुडघा टेकला की दहापैकी एक गुण वजा केला गेला. पुढील सुमारे सहा वर्षांत कमी गुणांच्या गटात मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १७०२ व्यक्तींपैकी सुमारे एक पंचमांश व्यक्तींना एका पायावर दहा सेकंद उभे राहता आले नाही. त्यांच्यातही पुढील काळातील मृत्यूचे प्रमाण जास्त होते. येथे एक सावधगिरी हवी. तोल न सांभाळता येणे हे मृत्यूचे कारण नव्हे, ते प्रकृतीच्या एकूण ताळेबंदाचे एक लक्षण आहे. न वटलेला धनादेश जसा खात्याची स्थिती सांगतो, तसेच हे आहे. ही चाचणी घरी करायची झाल्यास शेजारी भिंत आणि सोबत माणूस असावा. गुडघे फार दुखत असतील तर जमिनीवर बसण्याचा हट्ट धरू नये.

पाय, डोळे आणि ब-१२

तोल केवळ गुडघ्यांवर अवलंबून नसतो. तळपायाची संवेदना, डोळे आणि कानाच्या आतील भाग यांच्याकडून मेंदूला वार्ता मिळते, तेव्हा माणूस सरळ उभा राहतो. शाकाहारी कुटुंबांनी यांतील पहिल्या घटकाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुषांची रक्ततपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळले; शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वाधिक होते आणि शाकाहार हे त्याचे एक प्रमुख कारण दिसले. ही कमतरता दीर्घकाळ राहिली तर मज्जातंतूंना इजा होते, पाय बधिर वाटतात आणि अंधारात तोल जातो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हा धोका आणखी वाढतो. शाकाहार सोडण्याची यासाठी काहीही गरज नाही. दूध-दही नियमित घ्यावे, वर्षातून एकदा रक्त तपासावे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास ब-१२ ची पूरक मात्रा घ्यावी. स्नायूंसाठी प्रथिनेही हवीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम. केवळ भाकरी-भात आणि पातळ वरण यांवर साठ किलोच्या व्यक्तीची पन्नास ग्रॅमची गरज सहज भागत नाही. घट्ट डाळ, हरभरा, शेंगदाणे, ताक आणि पनीर यांना ताटात जागा मिळावी.

दृष्टीविषयी इंग्लंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, सत्तरीपुढील स्त्रियांत पहिल्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर केली असता पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. म्हणून “मोतीबिंदू पिकू द्या, मग पाहू” असे म्हणत वर्षे घालवू नयेत.

लक्ष विभागले जाणे हाही एक धोकाच आहे. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये एका निवासातील ५८ वृद्धांबरोबर चालताना सहज संभाषण सुरू केले. त्यांपैकी बारा जण उत्तर देण्यासाठी थांबले. पुढील सहा महिन्यांत या बारांपैकी दहा जण पडले. ज्याला चालण्यासाठीच सारे लक्ष द्यावे लागते, त्याच्या हाती चालताना मोबाइल देणे धोक्याचे आहे. जैन साधू-साध्वींच्या आचारात पुढील चार हात जमीन पाहूनच पाऊल टाकण्याची ईर्यासमिती सांगितली आहे. तिचा हेतू सूक्ष्म जीवांचे रक्षण हा आहे. चालणाऱ्याचेही रक्षण त्यात आपोआप होते.

काय करता येईल

व्यायामाविषयी आता मतभेद उरलेला नाही. १०८ प्रयोगांच्या आणि २३ हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या माहितीचे एकत्रित परीक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होते, असे त्यातून दिसले. त्यात तोल आणि पायांची शक्ती वाढवणारे व्यायाम महत्त्वाचे ठरले. केवळ फेरफटका पुरेसा नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवत भिंतीलगत चालणे या क्रिया आठवड्यातून किमान तीन दिवस व्हाव्यात. हृदयविकार, चक्कर किंवा अलीकडील शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

भूम तालुक्यातील कुंथलगिरीच्या यात्रेला किंवा तुळजापूरच्या पायऱ्यांवर ज्येष्ठांना नेताना चढण्यापेक्षा उतरण्याची काळजी अधिक घ्यावी. चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी आणि तिची उंची मनगटापर्यंत असावी.

पर्युषण आणि दशलक्षण पर्वातील उपवासांत एक गोष्ट लक्षात ठेवावी. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना अन्न-पाणी कमी झाले तर उठताना रक्तदाब उतरून अंधारी येते. उपवासाआधी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी. रात्री पाणी न घेणाऱ्यांनी दिवसा पुरेसे घ्यावे आणि अंथरुणातून एकदम न उठता मिनिटभर कडेवर बसावे.

तरीही कोणी पडलेच, तर लगेच ओढून उभे करू नये. पायावर भार देता येत नसेल, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी तेल लावून चोळणे, हाडवैद्याकडे नेणे किंवा दोन दिवस वाट पाहणे महाग पडते. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या ४८ तासांत व्हावी लागते. जिल्ह्यातील अनेक गावांहून लातूर किंवा सोलापूर गाठावे लागते, म्हणून रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक आणि अस्थिरोगतज्ज्ञाचा दूरध्वनी गल्ल्याजवळ लिहून ठेवणे शहाणपणाचे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार-संरक्षण उपलब्ध आहे. “ते गरिबांसाठी आहे” या समजुतीने व्यापारी घरांनी हे कार्ड काढण्याचे टाळू नये.

एकदा पडलेल्या ज्येष्ठांचे सर्वांत मोठे नुकसान पुष्कळदा हाडाचे नसते. पुन्हा पडण्याच्या भीतीने ते घराबाहेर पडणे थांबवतात. हालचाल घटली की शक्ती घटते आणि शक्ती घटली की पडण्याचा धोका वाढतो. या चक्रातून त्यांना बाहेर काढण्यासाठी कुटुंबाने दटावणे सोडून सोबत द्यावी. जैन परंपरेने वैयावृत्त्याला तपाचे स्थान दिले आहे. आजच्या घरात त्याचे एक रूप असे की, वडिलांच्या हाती पाण्याचा तांब्या देण्याऐवजी हात धरून त्यांना माठापर्यंत चालू द्यावे, आणि पुढील आठवड्यात तो हात हलकेच सोडून नुसते शेजारून चालावे.