गृहोद्योग : पाट्यांचें दुकान

घरांतील एखाद्या तरुणानें पाट्या व फलक छापण्याचें लहानसें दुकान काढावें काय, अशी पृच्छा नांदेड-लातूरकडील वाचकांकडून आम्हांस होत असते. धंदा चांगला आहे. मात्र त्यांत बुडणारे बहुधा उधारीनें बुडतात, एवढें आरंभींच सांगून ठेवितों.

फ्लेक्स छापण्याचें मोठें यंत्र पहिल्याच दिवशीं घेण्याचा मोह आवरावा. त्यास लाखांनीं रुपये लागतात, आणि हप्ता भरण्यासाठीं मिळेल तें काम पडेल त्या दरानें घ्यावें लागतें. छपाई दुसऱ्याकडून चौरस फुटाच्या दरानें करून घेतां येते. संगणक, अक्षरें कापण्याचें लहान यंत्र व पाटी बसविण्याचीं हत्यारें एवढ्यावर आरंभ होतो.

लातुरांत परीक्षांचे निकाल लागले कीं शिकवणी-वर्गांच्या फलकांची रीघ लागते. परंतु हें पीक हंगामी. बारमाही आधार दुकानांच्या कायम पाट्यांचा. २०२२ च्या दुरुस्तीनें दहापेक्षां कमी कामगार असलेल्या दुकानांसही देवनागरी मराठी पाटी आवश्यक झाली. तींतील मराठी अक्षरें इतर लिपींतील अक्षरांहून लहान असतां कामा नयेत. नांदेडास सचखंड गुरुद्वाऱ्यामुळें गुरुमुखी, आणि जुन्या वहिवाटीनें उर्दू पाटीही लोक मागतात. ती जरूर करावी, पण ती लिपी वाचणाऱ्याकडून तपासून घेऊनच.

या धंद्याचें खरें भांडवल म्हणजे शुद्ध अक्षर. 'आशीर्वाद'चा 'आशिर्वाद' आणि 'श्रद्धा'ची 'श्रध्दा' झालेली आम्ही रस्तोरस्तीं पाहतों. दोष नेहमींच अज्ञानाचा नसतो. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्यें नेतांना जोडाक्षरें फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून छापखान्याकडे पाठविण्यापूर्वीं अक्षरांची रेखाकृति करावी (कारागीर यास 'कर्व्ह करणें' म्हणतात) आणि कागदी नमुन्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. एकत्र कुटुंबाचा येथें मोठा लाभ आहे. शिक्षकी केलेले काका असोत कीं मराठी घेऊन पदवीधर झालेल्या वहिनी असोत, प्रत्येक नमुना दुसऱ्या डोळ्यांखालून गेलाच पाहिजे. लिहिणाऱ्यास स्वतःची चूक दिसत नाहीं. नांव, तारीख व दूरध्वनीचा आंकडा प्रथम पाहावा. वेलांटी चुकली तर लोक हसतात, तारीख चुकली तर फलक फुकट जातो.

अक्षराच्या मापाचा ढोबळ हिशेब दहा फुटांमागें एक इंच उंचीचा. रस्त्यापलीकडून, चाळीस फुटांवरून वाचावयाच्या पाटीस चार इंच हवेत, आणि तेही वेलांटी-उकार वगळून.

कायद्याचें थोडें. शंभर मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलकांस १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. लोकसभा-विधानसभा निवडणुकींच्या छापील फलकावर मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें व पत्ते लागतात, आणि छपाईपूर्वीं प्रकाशकाचें दोघांनीं साक्षांकित केलेलें प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत घ्यावें लागतें. हें कलम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते, आणि ती छापणाऱ्यासही.

पाटी चढवितांना विजेच्या तारांपासून लोखंडी चौकट दूर ठेवावी. वळिवाच्या दिवसांत चौकटीचे जोड पुन्हा तपासावे. मुंबईस घाटकोपर येथें १३ मे २०२४ रोजीं वादळांत प्रचंड जाहिरात-फलक पेट्रोलपंपावर कोसळून सतरा माणसें दगावलीं. आपली पाटी लहान, पण खालून जाणारें डोकें तेवढेंच नाजूक.

आतां उधारी. कापडाचा ताका परत आला तर दुसऱ्यास विकतां येतो; दुसऱ्याच्या नांवाची पाटी कोण घेणार? म्हणून निम्मे पैसे मजकूर घेतांना व उरलेले पाटी चढविण्यापूर्वीं घ्यावे, मग तो पुढारी असो वा आप्त. आमच्या घरांतून ही शिस्त बहुधा वडीलधारेच मोडतात. लग्नाच्या पंगतींत ते बोलून जातात, "आमच्या पोराकडून करून घ्या, पैशांचें मागाहून पाहूं," आणि पोरगा भिडेखातर गप्प बसतो. दुकान काढण्यापूर्वींच वडिलांनीं त्यास सर्वांदेखत सांगावें कीं, "माझ्या नांवानें कोणी आला तरी निम्मे पैसे आधीं घे." घरच्या मुंजीचा फलक असला तरी तोही वहींत मांडावा.