उंदराची साक्ष

मुक्या प्राण्यास पीडा देऊं नये, असें आम्ही वर्गांत शिकवितों, आणि त्याच वर्गांत प्रयोगशाळेंतील उंदरांविषयींहि सांगतों. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त आहे.

निमोण्यासारख्या गांवीं धान्य नासणारा उंदीर आपण शत्रु मानतों. शास्त्रज्ञांस मात्र तो साक्षीदाराप्रमाणें उपयोगी पडतो. दूषित अन्नांतून पोटांत शिरणारा साल्मोनेला नांवाचा जंतु कोणत्या शस्त्राच्या बळावर घात करितो, हें केवळ सूक्ष्मदर्शकांतून कळत नाहीं. म्हणून त्याचें एक जनुक निकामी करितात. मूळ जंतु कांहीं उंदरांस व बदललेला जंतु इतर उंदरांस देतात. पहिले आजारी पडले व दुसरे सुखरूप राहिले, तर संशय त्या जनुकावर येतो. तें परत घातल्यावर रोगहि परतला, म्हणजे गुन्हा शाबीत झाला. ही कसोटी स्टॅन्ली फाल्को यांनीं १९८८ सालीं मांडिली.

परंतु साक्षीदारासहि मर्यादा असते. साल्मोनेलाची जी जात उंदरांस विषमज्वरासारखा रोग देते, ती मनुष्यास बहुधा जुलाबांवरच सोडते. उलट मनुष्याच्या विषमज्वराचा जंतु साध्या उंदरास बाधत नाहीं. अन्नांतूनच येणारा लिस्टेरिया जंतु आंतड्याच्या पेशींवरील ज्या प्रथिनास धरून मनुष्याच्या शरीरांत शिरतो, त्यांत उंदराच्या ठिकाणीं अवघें एक अमिनो आम्ल निराळें असतें, आणि तेवढ्यानें तें दार बंद होतें. हें १९९९ सालीं उघडकीस आलें.

सबब आमचें मत असें कीं, उंदराची साक्ष घ्यावी, पण तीच मनुष्याविषयींचा निवाडा समजूं नये. आणि कांचपात्रांतील पेशींनीं काम भागत असेल, तेथें एकहि जीव खर्चूं नये. पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, हा नियम रसेल व बर्च यांनीं १९५९ सालीं सांगितला. आपल्या देशांतहि १९६० च्या कायद्यान्वयें अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिति आहे.

मुंबईंत हाफकिन यांनीं प्लेगची लस सशांवर पारखल्यानंतर १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. इतरांच्या जिवावर ज्ञान मिळविणाऱ्यानें आपलाहि वांटा उचलावा, हा त्यांतील धडा होय.

आपला वांटा तर फारच लहान आहे. दूध उकळावें, अंडीं व मांस पुरतें शिजवावें, अन्न झांकून ठेवावें, जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे. जें ज्ञान मुक्या जीवांच्या प्राणांचें मोल देऊन मिळालें, तें आपल्या स्वयंपाकघरांत न वापरणें हीच खरी निर्दयता होय.