गंजिफा: चेहरे टिकले, डाव मोडला

१/ इ.स. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनामा’त आहे. हाच पत्त्यांचा खेळ पुढे कोकणातील सावंतवाडीत रुजला आणि त्याच्या गोल पानांवर दशावतार अवतरले.

२/ ही पाने हातानेच घडतात. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, खडूचा लेप देऊन घोटायचे, मग रंगवून लाखेचा हात द्यायचा.

३/ दहा अवतारांचे १० रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२०. राजा आणि प्रधान यांची चित्रे केवळ २० पानांवर. उरलेल्या १०० पानांवर मासा, कासव, परशू अशी चिन्हे.

४/ या चेहऱ्यांना डावात अधिकार होता. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती, तो खेळ सुरू करी. रात्री तो मान कृष्णाचा.

५/ विसाव्या शतकात ही कला लोप पावत असताना शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला पुन्हा उभे केले. हे ऋण मोठे आहे. तथापि केवळ चित्र वाचवणे म्हणजे अर्धेच जतन होय. चौकटीत बसवलेला राजा देखणा दिसतो. पण उरलेल्या पानांवाचून तो राज्य कोणावर करणार?

६/ म्हणून गंजिफा संग्रहालयात पाहावी, तशीच नियम शिकून खेळावीही. खेळणारे हात उरले, तरच त्या चेहऱ्यांचा अर्थ उरेल.