शुद्धतेच्या ताटात बी-१२ सापडत नाही



“मांसाहार सोडा, सात्त्विक व्हा, सगळे आजार पळून जातील.” श्रावण लागला की व्हॉट्सॲपवर हा संदेश फिरू लागतो. पूर्वी तो ठरावीक आळीतून यायचा. आता आपल्या वस्तीतली शिकलेली पोरेही तो पुढे पाठवतात. कोणी रील पाहून व्हीगन होतो, म्हणजे दूध-दहीसुद्धा सोडतो. कोणी “बौद्ध म्हणजे शाकाहारीच” असे ठणकावून सांगतो. काही वर्षांनी त्यातलाच एखादा हातापायाला मुंग्या, सततचा थकवा आणि फुगलेले पोट घेऊन मेडिकलच्या दारात उभा राहतो, गॅसची गोळी घेतो आणि घरी जातो.

काय खावे हा ज्याचा त्याचा हक्क आहे. माझे भांडण शाकाहाराशी नाही. शाकाहाराला पवित्र ठरवून त्याचे शरीरावरचे परिणाम लपवणाऱ्यांशी आहे, गरिबाच्या रिकाम्या ताटाला ‘साधा आहार’ म्हणून त्याचे गोडवे गाणाऱ्यांशी आहे, आणि लेकरांच्या ताटातले अंडे काढून घेणाऱ्या सरकारशी आहे.

आधी विज्ञान पाहू. बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही. प्राणीही ते स्वतः तयार करत नाहीत. ते तयार करतात फक्त सूक्ष्मजीव, आणि आपल्यापर्यंत ते पोचते मांस, मासे, अंडी, दूध यांच्यामार्फत. मोठ्या माणसाला दिवसाला लागते अवघे दोन-अडीच मायक्रोग्रॅम. यकृतात त्याचा साठा असतो आणि तो काही वर्षे पुरतो. म्हणूनच मांस, अंडी, दूध सगळे सोडणारा पहिली एक-दोन वर्षे छाती फुगवून सांगतो, “मला तर काहीच झाले नाही.” साठा संपला की मुंग्या येतात, जीभ लाल होऊन सोलल्यासारखी होते, विसरभोळेपणा येतो, चालताना तोल जातो, रक्त कमी होते. फार उशीर झाला तर नसांचे नुकसान पूर्ण भरून येत नाही.

हे पाश्चात्त्य औषध कंपन्यांचे कारस्थान आहे असे कोणी म्हणेल, म्हणून पुण्याचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या पुरुषांचे रक्त तपासले. तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहारी माणसाला ही कमतरता असण्याचा धोका वरचेवर मांसाहार करणाऱ्याच्या ४.४ पट निघाला. तिन्ही गटांत त्यातल्या त्यात बरी अवस्था कोणाची होती? झोपडपट्टीतल्या पुरुषांची. ज्यांच्या ताटाला नाके मुरडली गेली, त्या वजरी-कलेजी-सुकट खाणाऱ्या वस्तीचे रक्त सात्त्विक सोसायटीपेक्षा बरे निघाले.

पण यावर टाळ्या वाजवून थांबू नका. खेड्यातले आकडेही वाईटच होते. खेड्यातला माणूस तर मांसाहारी म्हणून ओळखला जातो, मग असे का? कारण तो नावाला मांसाहारी आहे. जत्रेला, पाहुणे आल्यावर, पगार झाल्यावर मटण. बाकी दिवस भाकरी, पातळ कालवण आणि मिरचीचा ठेचा. आपल्याकडे शाकाहारी दोन प्रकारचे आहेत, एक माळेमुळे आणि दुसरे खिशामुळे. शरीराला या दोघांतला फरक कळत नाही.

आता आंबेगाव तालुक्यात या. महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना हा गिरणी कामगार चिरडला गेला. तालुक्यातल्या डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्यांचे नाव आहे. हुतात्म्याला हार घालायला पुढारी दरवर्षी येतात. त्याच तालुक्यात कांदा-बटाट्याच्या शेतात रोजंदारीवर वाकलेल्या बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन किती, हे कोणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ सांगते की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रासलेली आहेत. ही बेरीज कोणत्या सात्त्विकतेत बसते?

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अंगणवाडीच्या बालकाला अंडे देण्याची तरतूद सरकारनेच केली. मग ते मूल सहा वर्षांचे होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले की त्याच्या शरीराची गरज संपते का? नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जे खात नाहीत त्यांना केळ. कोणावरही सक्ती नव्हती. तरी धर्म बुडाल्याची ओरड झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांचा निधी बंद केला. हवे असेल तर शाळेने लोकवर्गणीतून द्यावे! शेजारचे कर्नाटक शाळेत अंडी वाढवत असताना आणि तमिळनाडू वर्षानुवर्षे आठवड्याचे पाच दिवस अंडे देत असताना, फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला आठवड्यातले एक अंडे जड झाले.

संविधानाचे कलम ४७ उघडून बघा. लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे ते सांगते. त्याला लागूनच कलम ४८ आहे, गोवंशाबद्दलचे. ४८ साठी २०१५ मध्ये कायदा कडक झाला, बैलसुद्धा त्यात आला आणि गरिबाचे स्वस्त मांस गेले. ४७ साठी मात्र पैसे नाहीत. एकाच पानावरची दोन कलमे, एकाला पोलीस आणि दुसऱ्याला लोकवर्गणी.

“बौद्ध म्हणजे शाकाहारीच” म्हणणाऱ्या मित्रांनाही दोन शब्द. भिक्खूंना मांस-मासे कायमचे वर्ज्य करा, ही देवदत्ताची मागणी होती. तथागतांनी ती नाकारली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला. १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध त्यांनी उलगडून दाखवला. १९२७ ला महाडला त्यांनी मृत जनावराचे मांस सोडा असे सांगितले, ते स्वाभिमानासाठी. त्या उपदेशाला शाकाहाराचा प्रचार बनवू नका. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचा, म्हणजे आपल्या आयांनी टाकाऊ म्हटलेल्या अन्नातून काय उभे केले ते कळेल.

आता पोटाकडे वळू. “डाळ खाल्ली की गॅस होतो” म्हणून लोक डाळ सोडतात आणि होती-नव्हती तेवढी प्रथिनेही गमावतात. कारण साधे आहे. कडधान्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. यात पाप नाही, दोष नाही, पित्तप्रकृतीही नाही. हरभरा, मटकी, हुलगा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, मोड आणा, नीट शिजवा. एकदम वाटीभर न घेता हळूहळू वाढवा. चोथा वाढवला तर पाणीही वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठ ठरलेलेच. नाचणीची आंबील ही आपल्या आजीची जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. दूध पिऊन पोट बिघडत असेल तर ताक किंवा दही घेऊन बघा. पुष्कळ प्रौढांना दुधातली साखर पचत नाही, तेव्हा “दूध प्या म्हणजे झाले” हा सल्लाही सर्वांना लागू नाही.

आणि ते पाचक चूर्ण? त्रिफळ्यातला हिरडा भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यातला महादेव कोळी आणि ठाकर समाज गोळा करतो. ऊन-पावसात बाळहिरडा वेचायचा, वाळवायचा आणि मिळेल त्या भावाला द्यायचा. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे पडली, तेव्हा भरपाईसाठी त्याला आंदोलन करावे लागले. शहरात तोच हिरडा सुबक डबीत बसून ‘प्राचीन ज्ञान’ होतो. बद्धकोष्ठाला त्याचा उपयोग होत असेल, पण बी-१२ त्यात नाही. स्पिरुलिनावर, आंबवलेल्या पिठावर किंवा गोमूत्रावरही त्यासाठी भरवसा ठेवू नका.

म्हणून जे पूर्ण वनस्पतींवर जगतात, मग ते कोणत्याही कारणाने असो, त्यांनी बी-१२ ची गोळी घ्यावी. त्यातले बी-१२ कारखान्यात जिवाणूंकडून बनवून घेतात, कोणताही प्राणी त्यासाठी मारला जात नाही. मात्रा किती, इंजेक्शन लागेल का, हे रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. मुंग्या येत असतील तर वाट पाहू नका. पॅन्टोप्राझोलसारखी आम्लपित्ताची गोळी महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने खाऊ नका. तिच्यामुळे बी-१२ चे शोषण कमी होते, मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही होते. मधुमेहाची गोळी बंद करू नका, बी-१२ तपासून घ्या. शाळेत मिळणाऱ्या गुलाबी-निळ्या गोळ्यांत लोह आणि फॉलिक ॲसिड असते, बी-१२ नसते. एकट्या फॉलिक ॲसिडने रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसू शकतो आणि आत नसांची हानी चालू राहते. लोहाची गोळी जेवणानंतर घ्या, चहासोबत कधीच नाही. जेवणात लिंबू किंवा आवळा असू द्या. शौचातून रक्त पडत असेल किंवा कारण नसताना वजन घटत असेल तर चूर्ण बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

जे खातात त्यांनी लाजू नये. बाजारच्या दिवशी पावशेर सुकट, आठवड्यात चार-पाच अंडी, जमेल तेव्हा कलेजी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पाहुणा आला म्हणून सुकटीचे कालवण झाकून ठेवायची सवय सोडा.

कार्यकर्त्यांसाठी काम स्पष्ट आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा आणि अंड्याचा ठराव मांडा. तोच ठराव ग्रामसभेत घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात बी-१२ ची तपासणी आणि गोळी मोफत मिळावी, असे लेखी निवेदन द्या आणि त्याची पोच घ्या. जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या एका तासाचे पैसे वाचवून वस्तीत रक्ततपासणी शिबिर लावा. मात्र शाळेतल्या अंड्याला वर्गणी गोळा करू नका. ते अंडे सरकारने द्यायचे आहे, कलम ४७ प्रमाणे, आणि ते मागून नाही तर भांडून घ्यायचे आहे.

जय भीम, जय संविधान.