न वाचतां केलेली निशाणी

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां जुनीं दफ्तरें चाळण्याचा प्रसंग मजवर वारंवार येई. कित्येक कर्जरोख्यांच्या तळाशीं “निशाणी डावे हाताचे आंगठ्याची” अशीं अक्षरें असत, आणि वर काय लिहिलें आहे हें निशाणी करणारास बहुधा ठाऊक नसे. अशाच रोख्यांपायीं इ. स. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांवर उठले, सुप्यास दंगा झाला व गांवोगांव रोखे जाळले गेले. पुढें १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावा असें ठरलें. हेतु हा कीं, निशाणी उठण्यापूर्वीं कोणी तरी तो कागद त्यास वाचून दाखवावा.

हें आज सांगण्याचें कारण असें कीं, त्या आंगठ्याचें काम आतां संगणकावरील बोट करूं लागलें आहे, आणि मध्यें कोणी निबंधक उभा नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या सोसायटीच्या कचेरींत “पीकविमा मंजूर यादी” या मथळ्याची ई-मेल आली. पाठविणाराचें नांव ओळखीचें होतें व सोबत एक जोडपत्र होतें. चिटणीस बाहेरगांवीं होते. मींच तें उघडलें. दुसऱ्या दिवशीं हिशेबाची एकहि फाईल उघडेना. जुन्या खातेवह्या जपून ठेविल्या होत्या म्हणून निभावलें; तरी सर्व नोंदी पुनः भरण्यांत दोन महिने गेले. शिक्का व सही पाहिल्यावांचून ज्यानें तीस वर्षें एकहि अर्ज दाखल करून घेतला नाहीं, त्याच्याच हातून हें घडलें!

माझी चूक ही कीं, ओळखीचें नांव हाच मीं पुरावा मानिला. मे २००० मध्यें फिलिपाइन्स देशांतून निघालेला “आय लव्ह यू” नांवाचा विषाणु याच समजुतीवर जगभर पसरला. त्याचें जोडपत्र साध्या मजकुराच्या कागदासारखें दिसे. परंतु नांवाचें खरें शेपूट झांकलेलें असून आंत संगणकास हुकूम करणारी आज्ञावली होती. उघडणाराच्या पत्त्यांच्या वहींत जितकीं नांवें असत, तितक्यांस तें त्याच्याच नांवानें रवाना होई. म्हणजे पाठविणारा खरोखर स्नेही, आणि त्यास मात्र पत्ताहि नाहीं!

यास्तव शेतकरी बंधूंनीं कांहीं नियम पाळावे. नांवावर न जातां पाठविणाराचा पूर्ण पत्ता वाचावा. सरकारी कचेरीचा पत्ता बहुधा “जीओव्ही डॉट इन” किंवा “एनआयसी डॉट इन” असा संपतो. पत्ता बरोबर असला तरी न मागतां आलेलें जोडपत्र उघडूं नये. ज्यानें पाठविलें त्यास आपणांपाशीं आधींपासून असलेल्या क्रमांकावर विचारावें; त्या पत्रांत दिलेल्या क्रमांकावर नव्हे. “आजच न केल्यास अनुदान बंद” अशी घाई दिसली तर संशय दुप्पट करावा. मोबाइलवर कोणत्याहि योजनेच्या नांवानें आलेली “एपीके” फाईल बसवूं नये. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या साधनावर घेऊन तें साधन संगणकापासून सोडवून ठेवावें.

चुकून कळ दाबली गेलीच, तर इंटरनेट तोडावें, जाणत्यास बोलवावें. पैसे गेले असल्यास तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें.

कित्येक म्हणतात, शेतकऱ्यानें या यंत्राच्या नादीं लागूंच नये. हें मत मला मान्य नाहीं. सात-बारा, विमा, अनुदान हीं सर्व आतां त्याच वाटेनें येतात. वाट टाकून शेत कसें गांठावें? खरा धोका अज्ञानापेक्षां लाजेंत अधिक आहे. मीं स्वतः एक दिवस ही गोष्ट लपविली. त्या दिवसांत तीच ई-मेल दुसऱ्या कोणी उघडली असती, तर दोष माझाच ठरता. म्हणून प्रत्येक सोसायटीनें मासिक सभेंत पांच मिनिटें राखावीं, आलेलीं संशयित पत्रें मोठ्यानें वाचून दाखवावीं, आणि फसलेल्यास हंसूं नये. ग्रामनिबंधकाचें तें जुनें काम आतां आपणच एकमेकांचें केलें पाहिजे.