रुग्णालयातील वृद्ध आणि त्यांचा नेहमीचा वैद्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. त्यांत रुग्णाच्या चार गुणांमध्ये स्मृती आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्याधी नीट सांगता येणे, यांना स्थान आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धाचे बहुधा हेच दोन गुण प्रथम ढळतात. ज्वर, अपरिचित खाट, रात्रभर जळणारे दिवे, निद्रानाश. कालपर्यंत स्वतःच्या गोळ्या रंगांवरून ओळखणारे आजोबा आज मुलाचे नाव चुकतात. अशा वेळी त्यांच्या वतीने सांगणार कोण?

मावळात हा प्रश्न अधिकच बिकट आहे. आंदर, नाणे वा पवन मावळातील वृद्ध प्रथम कामशेत-वडगावला, तेथून तळेगावच्या भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालयात आणि प्रकृती अधिक बिघडल्यास पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात वा ससूनला नेला जातो. निवृत्तीनंतर लोणावळ्यात स्थायिक झालेल्यांची मुले पुष्कळदा मुंबईत, म्हणून ते घाट उतरतात. प्रत्येक टप्प्यावर चिकित्सक नवा, आणि एकाच रुग्णालयात पाळीगणिक नवा. सोबतचा मुलगा चाकणच्या कारखान्यातून सुटी काढून आलेला; आईचे औषध त्याला ‘ती तपकिरी बाटली’ एवढेच ठाऊक.

याचा दोष रुग्णालयांवर टाकणे सोपे आहे. चिठ्ठी लिहून रुग्ण पाठविला की वैद्याचे कर्तव्य संपले, ही समजूत आम्हांस अधिक घातक वाटते. ज्येष्ठमधाचेच पाहा. कासावर ते दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटू शकते. रुग्ण मूत्रल गोळ्या आणि डिगॉक्सिन घेत असेल, तर हृदयाची गती बिघडण्याचा धोका असतो. रुग्णालयात पोटॅशियमचा आकडा दिसतो, कारण दिसत नाही. ते आपल्या केसपेपरवर आणि औषधालयाच्या बिलावर असते. शिवाय डॉक्टर रागावतील म्हणून नातेवाईक काढ्या-चूर्णांची गोष्ट काढतच नाहीत.

परेरा ग्रे आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये २२ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांपैकी १८ अभ्यासांत, रुग्णाचा चिकित्सक कायम राहिला तेथे मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी दुर्लक्ष करावे असा हा निष्कर्ष नव्हे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तरी गाठलेल्या सर्वांना उत्पन्नाच्या अटीविना खुली झाली आहे. दूरच्या रुग्णालयांत दाखल होणारे आपले वृद्ध रुग्ण त्यामुळे वाढतील, असे आम्हांस वाटते.

अतिदक्षता विभागात चिकित्सेचा अधिकार आम्ही मागत नाही. वॉर्डात गुपचूप चूर्ण पोहोचविणाऱ्यांचे समर्थन तर मुळीच नाही. प्रत्येक वृद्ध रुग्णासोबत एक पान जावे: व्याधी, दोन्ही पद्धतींची चालू औषधे मात्रेसह, असात्म्य द्रव्ये, आणि आजारापूर्वी तो किती चालत होता, किती समजत होता. हा शेवटचा तपशील नव्या डॉक्टरला कोणतीही तपासणी देत नाही. औषधविक्रेत्यांनी बिलावर कल्पाचे पूर्ण नाव लिहावे. वैद्याने कर्तव्यावरील डॉक्टरांना एकदा तरी दूरध्वनी करावा, आणि रुग्ण घरी परतल्यावर आठवड्याच्या आत घरातील औषधांचा डबा स्वतः उघडून पाहावा. एकच गोळी दोन नावांनी चालू असलेली तेथेच सापडते. संघटनेने हे पान छापून द्यावे. त्यावर वैद्याचा भ्रमणध्वनी क्रमांक ठळक असावा, आणि तो रात्रीही उचलला जावा.